मटणाचं नंतर बघू, आधी तपासणी करून घ्या

पत्र : नमस्कार डॉक्टर. वय ३६, चाकणला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. मागच्या महिन्यात आमच्या लाइनवरच्या माझ्या मित्राचं, वय ३८, आतडं अडकलं आणि रातोरात ऑपरेशन करावं लागलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. पोटाला पिशवी लावली आहे, आता केमो सुरू होईल. तो अगदी माझ्यासारखाच. रात्रपाळ्या, सुटलेलं पोट, रविवारी मटण, महिन्यातून तीन-चारदा मित्रांबरोबर बसणं, दिवसाला चार-पाच सिगारेटी. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मोबाइलवर बघावं तर कोणी म्हणतं मटणाने होतो, कोणी म्हणतं मैद्याने. मटण कायमचं सोडू का? रात्रपाळीने होतो का? 'कॅन्सर मार्कर'सकट फुल बॉडी चेकअपचं पॅकेज निघालंय, ते करू का? कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट जोडला आहे, त्यावर 'फिट' लिहिलंय. मला तसा काही त्रास नाही. मूळव्याध आहे दीड-दोन वर्षं, कधीमधी रक्त पडतं, आई म्हणते उष्णता आहे. वजन ७१, उंची साडेपाच फूट, म्हणजे जाड म्हणता येणार नाही. थोरले काका चाळिशीत पोटाच्या आजाराने गेले, बाकी घरात कॅन्सर कोणाला नाही. आणि अजून एक. मित्राला भेटायला जायचा धीर होत नाही. काय बोलू?
– चाकणचा एक वाचक

उत्तर :

नमस्कार.

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, आणि जे विचारायला हवं होतं ते मात्र 'तसा काही त्रास नाही'च्या मागे ढकलून दिलंत. म्हणून तुमचा क्रम मी बदलते. आधी रक्ताचं बोलू.

मूळव्याध आहे हे ठरवलं कोणी? पत्रात कुठल्याही डॉक्टरचा उल्लेख नाही. आई आहे, उष्णता आहे आणि मेडिकलमधून आणलेलं मलम असणार, असा माझा अंदाज. आपल्याकडे हे निदान कोणीही करतं. एसटी स्टँडच्या मुतारीपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन' अशा पाट्या लागलेल्या असतात, आणि माणूस खरं तर त्याच शोधात असतो, की कपडे न काढता काम होईल असं कोणी भेटावं. सब्जा, गुलकंद, इसबगोल यांनी शौच मऊ होतं, रक्त काही दिवस थांबतं, आणि वाटतं बरं झालं. पण आत गाठ असली तरीही रक्त असंच मधूनमधून पडतं आणि मधूनमधून थांबतं. नुसत्या रंगावरून किंवा दुखतंय-दुखत नाही यावरून घरबसल्या फरक कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. पहिल्या पानावर 'फिट'चा शिक्का. दुसऱ्या पानावर हिमोग्लोबिन ११.२, लाल पेशींचा आकार नेहमीपेक्षा लहान, आणि बाजूला पेनाने कोणीतरी लिहिलेलं, 'आयर्न टॅब, १ महिना'. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया. पुरुषाला पाळी येत नाही. खातापिता, रोज कामावर जाणारा छत्तिशीतला माणूस, त्याच्या अंगातलं लोह कमी झालं असेल तर ते बहुतेक वेळा पोटा-आतड्यातून कुठूनतरी गळत असतं. लहान पेशी थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही दिसतात, त्यामुळे लोहच कमी आहे ना याची खात्री करायला फेरिटिनची रक्ततपासणी करून घ्या, साधीच असते. पण गोळ्या देऊन आकडा वर आणायचा आणि गळती तशीच ठेवायची, हे बरोबर नाही. उलट गोळ्यांनी आकडा सुधारला की तपासणी आणखी वर्षभर पुढे जाते. (बायकांच्या बाबतीत याच गोष्टीवर पाळीचं पांघरूण घातलं जातं. त्यावर वेगळं लिहायला हवं.)

२०२३ साली अमेरिकेत पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानाच्या आधी तीन महिने ते दोन वर्षं या काळात चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : पोटदुखी, शौचावाटे रक्त, सतत पातळ होणं आणि लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया. यातलं एक लक्षण असेल तर कॅन्सर निघण्याची शक्यता सुमारे दुप्पट, दोन असतील तर साडेतीनपट. फेरिटिन कमी निघालं तर तुमच्याकडे दोन होतील.

आता घाबरून बसू नका. ही पट मुळात फार छोट्या आकड्याची आहे. तुमच्या वयात रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर, हेच निघतं, आणि तुम्हालाही तेच निघण्याची शक्यता जास्त. पण ते पाहून ठरवायचं असतं. याच आठवड्यात जनरल सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जा, आणि आत गेल्यावर 'मूळव्याध आहे' असं सांगू नका. समोरच्याच्या हातात आयतं निदान दिलं की तोही कधी कधी तेवढ्यावरच थांबतो. असं सांगा : वय ३६, दीड-दोन वर्षं अधूनमधून रक्त, हिमोग्लोबिन ११.२, काका चाळिशीत पोटाच्या आजाराने गेले. मग ते बोटाने तपासतील. एक मिनिटाचं काम, अवघडल्यासारखं होतं, दुखत सहसा नाही. तरुण रुग्णांमध्ये गाठ बऱ्याचदा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, गुदाशयात असते, आणि त्यातल्या काही या एका मिनिटात हाताला लागतात. तपासायचं सोडून कोणी नुसती चिठ्ठी लिहून देत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा.

मूळव्याध सापडली तरी एवढ्या अ‍ॅनिमियासह कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी असंच मी सांगेन. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. तपासणीचा सगळ्यात कंटाळवाणा भाग आदल्या दिवशीचा. पावडर कालवलेलं दोन-एक लिटर पाणी ग्लास-ग्लास करून प्यायचं आणि संडासाच्या जवळपास राहायचं. शेवटी बाहेर पडतं ते पाण्यासारखं स्वच्छ हवं, तरच आतलं नीट दिसतं. त्या दिवशी रात्रपाळी घेऊ नका, कंपनीच्या बसमध्ये चाकण-पुणे रस्त्यावर अडकलात तर माझं नाव घ्याल. प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास, गुंगीचं इंजेक्शन देऊन होते. त्यानंतर गाडी चालवायची नाही, म्हणून बरोबर बायकोला किंवा भावाला न्या. पुण्यात खासगी रुग्णालयांचा खर्च झेपत नसेल तर ससूनसारखं सरकारी रुग्णालय आहे. 'हात दाखवून अवलक्षण' म्हणून अनेक जण टाळतात, पण या तपासणीची गंमत अशी की तिच्यात नुसतं बघणं होत नाही. आतड्याच्या अस्तरावर कोंब आल्यासारखं काही वाढलं असेल, त्याला पॉलिप म्हणतात, तर ते तिथल्या तिथे कापून काढता येतं. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. पॉलिप काढला की तो कॅन्सर होतच नाही. फार थोड्या कॅन्सरांबद्दल असं म्हणता येतं.

पॅकेजचं एका दमात सांगते : नको. त्यातला 'मार्कर' म्हणजे सीईए नावाची रक्ततपासणी. ती कॅन्सर झालेल्याच्या उपचारांवर लक्ष ठेवायला कामाची, शोधायला नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मल येते, आणि सिगारेट ओढणाऱ्यात काही नसताना वाढलेली दिसू शकते. तुमच्या बाबतीत दोन्हीकडून फसवणूक. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची 'एफआयटी' (FIT) नावाची चाचणी चांगली आहे (तुमच्या रिपोर्टावरच्या 'फिट'शी तिचा संबंध नाही), पण ती मुख्यतः काहीच त्रास नसलेल्यांसाठी. तुम्हाला रक्त डोळ्यांना दिसतंय, ते चाचणीने कशाला शोधायचं?

तुमच्या मित्राचं वय ऐकून तुम्ही हादरलात, ते साहजिक आहे. हा म्हातारपणाचा आजार असं आम्हीही शिकलो होतो. अमेरिकेत १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे, असं २०१७ मध्ये दिसून आलं. अमेरिकन अभिनेता चॅडविक बोसमन २०२० साली वयाच्या ४३व्या वर्षी याच आजाराने गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी तिथे सरसकट तपासणीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. भारतात लाखामागे रुग्ण अमेरिकेच्या मानाने बरेच कमी आहेत. मात्र मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या रुग्णांचं सरासरी वय पाहिलं तर ते सत्तेचाळीसच्या आसपास निघालं. आपला देशच तरुण आहे, त्यामुळे सरासरी खाली येणारच, हेही खरं. पण 'या वयात कसला कॅन्सर' हे वाक्य डॉक्टरनेही म्हणू नये आणि रुग्णानेही.

आता तुमच्या 'जाड नाही'कडे येते, कारण सवयींबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

आपले पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. बघणारा म्हणेल दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९ टक्क्यांच्या आसपास आणि याज्ञिकांची २१. वजनकाट्यावर भारतीय माणूस बारीक दिसतो, आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठवून ठेवतो. म्हणून आपल्यासाठी जाडीची रेघ वेगळी आहे. बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त, २५च्या वर लठ्ठपणा. तुमचा २५.३. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा. रिपोर्टात तुमचा ३८ इंच, म्हणजे साडेशहाण्णव.

पुढचं वाचा. उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २३०, चांगलं कोलेस्टेरॉल ३६, रक्तदाब १२८/८४, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. प्रत्येक ओळीपुढे 'बॉर्डरलाइन' आणि शेवटी 'फिट'. सुटं सुटं बघितलं तर एकही आकडा घाबरवणारा नाही. पण घेर, साखर, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमचे चार बिघडलेत, आणि पाचवा उंबरठ्यावर आहे.

याचा आतड्याशी संबंध काय? पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, वर्षानुवर्षं. साखर १०८वरच थांबलेली दिसते ती या जादा इन्सुलिनच्या जोरावर. आणि इन्सुलिन नुसती साखर हलवत नाही, ते पेशींना वाढायलाही सांगतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे तिथे पेशी सतत दुभंगत असतात, आणि दुभंगताना एखादी चुकतेही. पिकाला टाकलेलं खत तणालाही मिळतं, तसं या चुकलेल्या पेशीलाही वाढायला बळ मिळतं. जोडीला या चरबीतून निघणाऱ्या रसायनांनी शरीरात कायमचा मंद दाह राहतो. अमेरिकेत हजारो नर्सेसचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यात लठ्ठ स्त्रियांना पन्नाशीच्या आत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण सडपातळ स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट दिसलं.

त्याच अभ्यासात गोड पेयांचाही हिशेब आहे. दिवसाला दोन किंवा जास्त गोड पेयं घेणाऱ्यांना, आठवड्याला एकही न घेणाऱ्यांच्या दुप्पटीहून अधिक धोका. बातम्यांत एवढंच येतं. तुम्ही मूळ आकडाही ऐका : सुमारे ९५ हजार स्त्रिया, चोवीस वर्षं, आणि पन्नाशीच्या आत कॅन्सर झालेल्या १०९. म्हणजे थंड पेय पिणाऱ्या बहुतेकींना काहीही झालं नाही. पण मधुमेह, फॅटी लिव्हर आणि हे, तिघांचा रस्ता एकच असल्याने साखर कमी करणं कुठूनही फायद्याचंच. रात्री डोळे उघडे राहावेत म्हणून कँटीनमध्ये किती चहा होतात ते मोजा. आयत्या गोड चहाच्या एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत साठ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची कमाल मर्यादा पन्नासच्या आसपास आहे, तीही सगळं धरून. मशीनचा चहा बिनसाखरेचा मिळत नसेल तर घरून थर्मास न्या. पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं होईल, मग गोड चहाच नको होतो.

मटण. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवावं, असं कॅन्सरप्रतिबंधाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था सांगतात. रविवारी घरात सहा माणसांत एक किलो मटण शिजलं तर हाडं वजा जाता तुमच्या वाटणीला जे येतं ते सहज यात बसतं. खरा पुरावा आहे तो सॉसेज, सलामी, बेकन, हॅम अशा खारवलेल्या-धुरावलेल्या मांसाविरुद्ध. २०१५ साली ते निश्चित कर्ककारक ठरलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. गोव्याची 'चोरीस' सॉसेजही याच पंगतीतली, वर्षात कधी सुट्टीला जाऊन खाल्लीत तर बिघडत नाही. पण मटण सोडायचं आणि मटणाआधीचं 'बसणं' चालू ठेवायचं, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं. दारू आणि सिगारेट दोन्ही या कॅन्सरची कारणं म्हणून पक्की सिद्ध झालेली आहेत. सिगारेट पूर्ण सोडा, कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. दारूचं सुरक्षित प्रमाण नाही. तरी निदान 'बसण्या'ची संख्या तुमच्या हातात आहे, आणि चकण्याचीही.

रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्ककारक' अशा गटात ठेवलंय. नोकरी सोडा असं मी सांगणार नाही, घराचे हप्ते मी भरणार नाहीये. पण रात्रपाळीत नुकसान करणाऱ्या ज्या गोष्टी बदलता येतात त्यात रात्री दोनचं जेवण पहिलं. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी घरी उरका. मध्यरात्री भूक लागली तर डब्यात मोडाची उसळ, काकडी, मूठभर शेंगदाणे, ताक. पुरी-भाजी आणि वडापाव नको. सकाळी आल्यावर खोली अंधारी करून सलग झोपा, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

बसून राहण्याचं वेगळं सांगायला हवं. सुपरवायझर झाल्यावर केबिन आली, बसचा प्रवास आला, घरी टीव्ही-मोबाइल. नर्सेसच्या अभ्यासात आठवड्याला चौदा तासांहून जास्त टीव्ही बघणाऱ्यांचा धोका सात तासांच्या आत बघणाऱ्यांपेक्षा ६९ टक्क्यांनी जास्त दिसला. जिम लावू नका, महिन्याभरात सुटेल. जेवणानंतर पंधरा मिनिटं लाइनवरून चक्कर मारा. चालणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि स्वादुपिंडावरचा भार उतरतो. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं झालं पाहिजे. वजन ७१वरून ६६-६७वर आलं तरी फॅटी लिव्हर आणि साखर दोन्हीत फरक दिसेल. सहा महिने घ्या.

आणि खायचं काय, हे कोणी विचारतच नाही, सगळे 'काय सोडू' एवढंच विचारतात. ज्वारी-बाजरीची भाकरी. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू दहा ग्रॅमच्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम तीन. आख्खे मूग, मटकी, चवळी, हरभरा यांत ज्वारीहूनही जास्त. हे तंतू आपण पचवू शकत नाही, आतड्यातले जिवाणू पचवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनतं. मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. दिवसाला दहा ग्रॅम तंतू जास्त गेले तर धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. तुमच्या आईला पीठ मळायचं निमित्त मिळेल आणि उष्णतेचा विषयही संपेल. मात्र एकदम वाढवू नका, गॅस धरेल. आणि पाणी प्या.

एक लक्षात असू द्या. हे सगळं पाळणाऱ्या, सडपातळ, शाकाहारी, निर्व्यसनी तरुणांनाही हा कॅन्सर होतो. लहानपणी आतड्यात राहणाऱ्या काही ई. कोलाय जिवाणूंचं कोलिबॅक्टिन नावाचं विष पेशींच्या डीएनएवर आपला ठसा सोडतं, आणि हा ठसा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त सापडला, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे मित्राने काय खाल्लं म्हणून हे झालं, याचा हिशेब मांडू नका. आणि 'मी आता भाकरी खातो' म्हणून दुर्बिणीची तारीख पुढे ढकलू नका. भाकरी पुढच्या वीस वर्षांसाठी आहे. रक्त आजचं आहे.

काकांबद्दल घरच्या जुन्या माणसांना विचारा. आत्या असतील तर त्यांना फोन लावा, अशी माहिती आत्यांकडेच असते. काका नेमके किती वर्षांचे होते, आतड्यात गाठ होती का, ऑपरेशन कुठे झालं, घराण्यात कोणा बाईला गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक प्रकार आहे, त्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर एकाच घरात, कमी वयात दिसतो, आणि आई किंवा वडिलांकडून तो मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. काहीही हाती लागलं तर डॉक्टरांना सांगा. तुमच्या मित्राच्या सख्ख्या भावंडांनाही हे लागू आहे. त्यांनी वयाच्या चाळिशीला किंवा घरातल्या रुग्णाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करायची. मित्र ३८चा, म्हणजे त्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षीच. त्यांना हे कोणी सांगितलं नसण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही सांगा.

आता त्याला भेटायचं. जा. 'कसा झाला', 'तू तर इतकं काही खात नव्हतास' हे विषय काढू नका, आणि कोणाच्या मेहुण्याला गोमूत्राने बरं वाटलं तेही नको. कंपनीतल्या भानगडी सांगा, नवा मॅनेजर कसा आहे ते सांगा. पिशवीकडे बघायचं टाळून बसणारे पाहुणे त्याला भरपूर भेटले असतील. तुम्ही सरळ विचारा, बदलायला मदत लागते का, बाहेर जाता येतं का. घाईच्या ऑपरेशनमध्ये लावलेली पिशवी बऱ्याचदा काही महिन्यांनी काढता येते. रजेचे अर्ज, ईएसआय किंवा मेडिक्लेमचे कागद, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी, केमोच्या दिवशी गाडी, यातलं काही अंगावर घ्या. त्याच्या बायकोला बोलण्यापेक्षा याची गरज जास्त असेल.

केमो संपल्यावर त्याला चालायला बाहेर काढा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करून घेतला, त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचा, नवा होण्याचा किंवा मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी दिसला. किती चालायचं, कधी सुरू करायचं हे त्याच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारून ठरवा. पोटावर पिशवी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनं उचलायची नाहीत, तेवढं त्याला आधीच बजावून ठेवा.